नऊ बंद शिंपले

माझ्या मुलीनं आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही, पण तिच्या लिहिण्यापायी आमच्या स्वयंपाकघरात रक्त सांडलं.

ती एका साप्ताहिकात गावातल्या हॉटेलांविषयी लिहिते. त्यातही फक्त मासे-शिंपले घातलेला पास्ता आणि नूडल्स. अकरा वर्षं झाली. "एवढी शिकलीस आणि ताटं कसली मोजत बसतेस?" असं मी म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची.

ताट समोर आलं की ती आधी खात नाही. उघडलेले शिंपले एका बाजूला, बंद राहिलेले ताटाच्या कडेला. शिजूनही जो उघडत नाही, तो बहुधा आधीच मेलेला असतो, म्हणजे माल शिळा. मालकासमोर लिहायचं नाही म्हणून ती हात धुवायला जाते आणि तिथे कागदी रुमालावर आकडा टिपते.

एका दिवशी एकच हॉटेल, हा तिचा नेम. त्या शनिवारी संपादकांना घाई होती. दुपारी नूडल्स, संध्याकाळी दुसरीकडे पास्ता. आणि दोन्ही रुमाल एकाच खिशात. छापून आलं ते असं, की नूडल्सच्या दुकानात नऊ शिंपले बंद निघाले. पंधरवड्यात ते दुकान ओस पडलं.

मग एका दुपारी तिथला आचारी आमच्या दारात उभा राहिला. धिप्पाड माणूस, अंगात अजून दुकानातला एप्रन, हातात लोखंडी झारा.

"काकू, बाजूला व्हा. कुठाय ती शहाणी?"

मी दार लोटलं. त्यानं लाथ घातली, कडी माझ्या कपाळावर बसली. आत जाऊन त्यानं झाऱ्यानं कपाटाची काच फोडली, बरण्या फोडल्या. मुलगी गॅसपाशी होती, पातेल्यात पाणी उकळत होतं.

"नऊ? माझ्या वाडग्यात नऊ? पहाटे चारला धक्क्यावर उभा राहतो मी!"

"दादा, मी मोजले होते," ती म्हणाली.

"मोजलेस? कुठल्या हातानं?"

त्यानं तिचं उजवं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत पातेल्यात दाबला. ती किंकाळी माझ्या कानातून अजून जात नाही. माझ्या हाती कुकरचं झाकण लागलं. तेच मी त्याच्या तोंडावर हाणलं, दोनदा, तिसऱ्यांदा, तो खाली बसेपर्यंत. त्याचे दात फरशीवर पडले. शेजारच्या शिंपीकाकांनी मला मागे ओढलं नसतं, तर मी थांबले नसते. हे मी अभिमानानं सांगत नाही.

तो कोठडीत गेला, ती दवाखान्यात. चौथ्या दिवशी तिनं माझ्याकडे आपला फोन मागितला आणि खाण्याआधी काढून ठेवलेले ताटांचे फोटो चाळू लागली. एकदम थांबली.

"आई, हे बघ. कडेला नऊ शिंपले, पण हे सपाट ताट आहे. नूडल्स वाडग्यात होत्या. हे पास्त्याचे. मी रुमाल उलटे लावले."

"गप्प बस," मी म्हणाले. "कुणाला कळणार आहे? तुझी चूक निघाली तर त्याचा वकील तेच धरून बसेल. सुटला तर तो परत येईल."

"हात त्यानं जाळला, त्याची शिक्षा त्याला होऊ दे. दुकान मी जाळलं."

मी तिच्या थोबाडीत मारली. भाजलेल्या पोरीच्या. खोलीतल्या बाकीच्या बायका बघत राहिल्या. ती रडली नाही. "झालं? आता कागद घे, मी सांगते ते लिही."

मी लिहिलं. एका ठिकाणी 'कदाचित' घातलं. तिनं वाचून दाखवायला लावलं आणि तो शब्द खोडायला लावला. पास्त्याच्या हॉटेलाचं नावही माझ्याच हातानं लिहून घेतलं.

दुरुस्ती छापून आली. नूडल्सच्या दुकानात गिऱ्हाईक परतलं, आचाऱ्याची बायको आता चुलीपाशी उभी राहते. खटला चालू आहे. आणि काल पास्त्याच्या हॉटेलाच्या मालकाचा फोन आला. मीच उचलला.

"बाई, तुमच्या लेकीचा दुसरा हात शाबूत आहे ना अजून?"

मुलीनं फोन माझ्याकडून काढून घेतला, खांद्यानं कानाशी दाबला.

"आहे," ती म्हणाली. "ते शिंपले तुम्ही कुठल्या दिवशी आणले होते?"

तिकडून शिव्यांचा भडिमार सुरू झाला. ती डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात, तारीख टाकून सगळं उतरवून घेत होती.