हरणीचं खोगीर

केदारखेड्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे वळलं, की बाभळींच्या दोन रांगांमधून एक मुरमाड वाट मूलचंद शेठच्या फार्मवर जाते. शेठ जालन्याचे, बियाण्याच्या व्यापारातले. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येताना आणखी काय काय आणलं असेल ते असो, घोड्यांचा नाद मात्र नक्की आणला. आता मोठे शेठ थकले आहेत, कारभार त्यांचा मुलगा श्रेणिक पाहतो. फार्मवर अकरा जनावरं आहेत आणि त्या अकरांच्या पाठी डोळे मिटून ओळखेल असा एकच माणूस आहे, खोगीर बनवणारा बद्रीनाथ.

बद्रीनाथचं वय अठ्ठावन्न. घर हसनाबादला, तीन एकर कापसाचं रान. शेतकऱ्याच्या घरचा माणूस खोगिरं शिवायला कसा लागला असं कुणी विचारलं, तर तो म्हणतो, "पाऊस न्हाई पडला म्हणून." आणि ते खरंच आहे. विशीत, एका दुष्काळात तो इथं चारा कापायला आला. त्या वेळी शेठच्या घोड्यांबरोबर मारवाडातून आलेला एक म्हातारा कारागीर इथं काम करायचा. त्याची नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवून द्यायला कुणीतरी हवं होतं. बद्रीनाथनं ओवून दिला आणि तो तिथंच बसला, तो बसलाच.

उन्हाळ्यात त्याचा दिवस पाचला सुरू होतो. चामडं सकाळी ऐकतं, दुपारी अडून बसतं. म्हणून कापणं, वाकवणं, आरीनं भोकं पाडणं हे सगळं दहाच्या आत उरकायचं. मग पत्र्याच्या शेडमध्ये थांबवत नाही. तो निंबाखाली ओलं पोतं अंथरतो, दोऱ्याला मेण घासतो, नाहीतर लोकर पिंजत बसतो. खोगिराच्या गादीत भरायची लोकर तो धनगरांकडून आणतो आणि हातानंच मोकळी करतो. यंत्राची लोकर गाठी धरते, असं त्याचं म्हणणं. घोड्यांची निगा राखणारा रामराव मोतद्दार तेवढ्यात घोडे बांधायच्या ठाणांवर पाणी मारून येतो आणि रोज तेच बोलतो, "चालू द्या, चालू द्या तुमची खोगीरभरती." बद्रीनाथही रोज हसतो. चारनंतर टँकर येतो, जनावरं न्हातात, आणि ओल्या कडब्याचा वास सुटला की दिवस संपल्यासारखा वाटतो.

या उन्हाळ्यात रामराव बोलायचा, पण बद्रीनाथ हसायचा नाही.

त्याचं कारण तिसऱ्या ठाणावर होतं. गेल्या दसऱ्याला कापूस वेचायला म्हणून तो चार दिवस घरी गेला होता. परत आला तर तिथं हरणी नव्हती. हरणी म्हणजे बदामी रंगाची घोडी, आठ वर्षांची. बद्रीनाथ कामाला बसला की मागून येऊन त्याच्या मेणाच्या गोळ्याला जीभ लावायची. तिची पाठ मोठी अवघड होती. मध्ये किंचित खोल, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला. बाजारचं कुठलंही खोगीर तिला काचायचं. सहा वर्षं बद्रीनाथ जुन्याच खोगिरात इथं लोकर घाल, तिथली काढ असं करत राहिला, आणि दर उन्हाळ्यात म्हणत राहिला, "औंदा हिला नवं करतो. बिलकुल हिच्याच पाठीचं." ते काही झालं नाही.

"काका, अंतरवाली सराटीचा रामप्रसाद घेऊन गेला," श्रेणिक शेठनं तेव्हा सांगितलं होतं. "वरातीला घोड्या देतो तो. चांगल्या घरी गेली."

"मला निरोप धाडायचा की, शेठ. मी आलो असतो."

"घोडीसाठी काय निरोप धाडायचा, काका?"

बद्रीनाथनं मान हलवली आणि तो कामाला बसला.

मार्च महिन्यात तिसऱ्या ठाणावर कस्तुरी आली. काळी, उंच, रुबाबदार. श्रेणिक शेठ म्हणाले, हिला नवं खोगीर करा, मनासारखं करा, घाई नाही. बद्रीनाथनं रिवाजाप्रमाणे माप घेतलं. मऊ जाड तार पाठीवर तीन जागी वाकवायची, खांद्यामागे, मधोमध आणि कमरेपाशी. मग ती तशीच अलगद कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. तीन कागद झाले, त्यावर कस्तुरीचं नाव पडलं, कागद खिळ्याला लागले. मग त्यानं लाकडाचा सांगाडा तासायला घेतला. दोन महिने खपला. असं काम हातून फार दिवसांत झालं नव्हतं. टाका न् टाका एका ओळीत, रिकिबीचे पट्टे लोण्यासारखे मऊ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात खोगीर पारखायचं ठरलं. त्याचीही एक रीत आहे. घोड्याच्या पाठीवर चाळलेली राख भुरभुरायची, खोगीर ठेवायचं, वर माणूस बसवायचा, घटकाभर चालवायचं आणि मग उचलून बघायचं. जिथं राख पुसली तिथं खोगीर टेकलं. जिथं राख तशीच, तिथं ते अधांतरी. रामराव एक चक्कर मारून आला, उतरला, त्यानं खोगीर उचललं. कस्तुरीच्या काळ्या पाठीवर मधोमध राख एवढी घासली होती, की तिथले केस उलटे झाले होते. उजव्या खांद्यावर ती जेमतेम पुसली होती. डाव्या खांद्यावर मात्र राखेचा जाड थर जसाच्या तसा होता.

रामराव वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बद्रीभाऊ, हे तर हरणीचं खोगीर हाय."

श्रेणिक शेठ जवळच उभे होते. "कागद नव्हते बघितले, काका?"

"बघितले."

"मग?"

बद्रीनाथनं आपल्या पंज्यांकडे पाहिलं, जसं काही उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. कागद रोज समोर होते. पण लाकूड तासताना हात मधल्या खोलीसाठी आपोआप उंचवटा सोडत गेला आणि डावीकडून लाकूड जास्त काढत गेला. "हात गेला," तो एवढंच म्हणाला.

शेठ रागावले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. "कस्तुरीचं दुसरं करा. हे मोडा, चामडं कामाला येईल."

"मोडतो. पर शेठ, मोडायच्या आधी एकदा…" रामरावानंच ते पुरं केलं, "एकदा हरणीला लावून बघू द्या त्याला. न्हाईतर वर्षभर आम्हाला पीळ मारंल."

शेठ म्हणाले, "दोन दिवस घ्या. तिला बसलं तर तिथंच ठेवून या, माझ्यातर्फे. नाही बसलं तर परत आणा आणि मोडा."

दुपारी त्यानं घरी फोन केला. बायको पुष्पाबाई ऐकून घेतच होती, पण शेवटी तिला राहवलं नाही. "मी बाळंतपणाला माहेरी गेल्ते तव्हा चार महिने फिरकले न्हाईत तुम्ही. अन् घोडीसाठी उन्हातान्हात अंबड गाठून राह्यले!"

"तव्हा शेठच्या मोसंबीच्या बागेला पाणी देत होतो ना."

"हो, बाग उचलून कुणी नेत होतं," पुष्पाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "डोक्याला उपरणं घ्या. अन् कांदा ठेवा खिशात."

पहाटेच्या एसटीनं तो जालन्याला उतरला, तिथून अंबडला, आणि अंबडहून काळीपिवळी जीपनं पुढं. चादरीत गुंडाळलेलं खोगीर सगळ्या वाटेत मांडीवर होतं. एसटीच्या कंडक्टरनं चादरीतून बाहेर आलेली रिकीब पाहून विचारलं, "घोडं मागच्या गाडीनं येतंय का, मामा?" गाडी हसली. बद्रीनाथही हसला, पुष्कळ दिवसांनी.

अंतरवाली सराटीच्या चौकात उतरेस्तोवर अकरा वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव चहाच्या टपरीच्या सावलीत. त्यानं रामप्रसादचं घर विचारलं.

"वरातवाला ना? तो तर पैठणकडं गेला घोडी घेऊन," एक म्हातारा म्हणाला. "दुसरी हाय घरी. बदामी."

"तीच पाहिजे."

"औंदा लग्न करता का काय या वयात?"

टपरीवर एकच हशा पिकला. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत, "नवरदेवाकडून कसे घ्यावे" म्हणाला.

रामप्रसादचं घर गावाच्या टोकाला, मळ्यात. अंगणात त्याची आई सोनूबाई कुरडया उलटत होती. बद्रीनाथनं आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं. बाई पदर सावरत उठली. "केदारखेड्याचे काय? या, या. भाऊ, देवासारखे आले तुम्ही. परवा एक वरात धरलीय हिच्यावर, अन् आमचं खोगीर हिला बसतच न्हाई. रामप्रसाद काल घामाघूम झाला. तुमचं बसलं तर काम झालं बघा."

बद्रीनाथला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. गोठ्याच्या छपराखाली हरणी उभी होती.

तिनं मान वळवली, कान पुढं केले. तो जवळ गेला तशी तिनं त्याचा तळवा हुंगला, मग खिसा, मग पुन्हा तळवा, आणि परत कडब्यात तोंड घातलं. ओळखलं की नाही, ते त्याला कळलं नाही. तो पाठीशी येऊन उभा राहिला आणि तेव्हा त्याला तिचं पोट दिसलं. दोन्ही बाजूंनी भरून खाली उतरलेलं.

"किती महिने झाले?"

"सातवा सरला. आणल्यावर लगेच घोड्याला दाखवली होती," सोनूबाई कौतुकानं म्हणाली.

त्यानं चादर सोडली. खोगीर दोन्ही हातांनी उचललं आणि अलगद तिच्या पाठीवर ठेवलं. क्षणभर वाटलं, बसलं. डाव्या खांद्यावर अगदी नेमकं विसावलं. सहा वर्षं जे जे चुकत होतं ते सगळं तिथं बरोबर होतं. मग त्यानं खोगिराचा पट्टा, तंग, पोटाखालून ओढला. चार बोटं कमी पडला.

"भोकं पाडा की अजून," सोनूबाई म्हणाली. "हत्यार असंल ना?"

हत्यार होतं. आरी कायम खिशातच असायची. त्यानं पट्ट्यात दोन भोकं वाढवली, तंग पुन्हा ओढला, आणि या खेपेला बकल लागलं. खोगीर बसलं. सोनूबाईनं "वा" म्हटलं. लांबून पाहणाऱ्याला काही खोट दिसली नसती. ठेवून द्यायचं आणि निघायचं, शेठनंही तसंच सांगितलं होतं.

त्यानं सवयीनं गादीखाली हात सारला. बरगड्या आता रुंद झाल्या होत्या. खोगीर मागून उचललं जाऊन सगळा भार पुढं खांद्यावर ओतत होतं. त्याचा हात तिथं पोचला तशी हरणीनं पाठ खाली दबवली आणि श्वास धरून ठेवला. ती ओरडणारी घोडी नव्हतीच कधी. दुखलं की फक्त पाठ चोरायची.

त्यानं हात काढून घेतला. मग त्यानं बकल सोडलं.

"काय झालं, भाऊ?"

"बाई, आता हिच्यावर काही चढवू नका. तुमचंही न्हाई, माझंही न्हाई."

"अहो, पर तुमचं तर बसलं! मी पाहिलं ना."

"बसलं न्हाई. मी बसवलं."

सोनूबाईचा चेहरा उतरला. "रामप्रसादला काय सांगू मी? मंडप पडलाय तिकडं."

"मी सांगतो. लावा फोन."

फोनवर मागून बँडचा गोंगाट येत होता. रामप्रसाद ओरडूनच बोलला, "अवो, नवरदेव पन्नास किलोचा बी न्हाई! चौकापासून मारुतीपर्यंत तर जायचंय!"

"नवरदेव हलका असंल. तंग त्याच्यासाठी आवळायचा नसतो, घोडीच्या पोटावर आवळायचा असतो."

"तुम्ही इकलेल्या घोडीची काहून एवढी काळजी करून राह्यले?"

"मी खोगिराचं सांगतो," बद्रीनाथ म्हणाला. "हे हिला बसत न्हाई. छत्तीस वर्षं हेच काम करतोय. परवा चढवलं तर खांदा सोलंल, अन् पोटाचं मी काही सांगू शकत न्हाई."

बँडचा आवाज लांब गेला, रामप्रसाद बाजूला आला असावा.

"आई हाय का तिथं?" रामप्रसाद म्हणाला. "तिला म्हणा, नवरदेवाकडच्यांना फोन कर, गाडी सजवा म्हणावं. अन् तुम्हाला जेवल्याबिगर जाऊ देऊ नको म्हणा."

जेवणं झाली. सोनूबाईनं शेवटी एकदा विचारलंच, "व्याल्यावर तर बसंल ना हे?"

"व्याल्यावर पाठ निराळी होते, बाई. पहिल्यासारखी होत न्हाई." आणि मग त्याला वाटलं आपण जरा जास्तच रुक्ष बोललो. म्हणून म्हणाला, "हे बसलं न्हाई तरी शिंगरू तिच्यासारखं होईल."

तीनची काळीपिवळी होती. निघताना त्यानं हरणीच्या कपाळावर हात ठेवला. ती कडबा खात होती, खातच राहिली. त्यानं खोगीर उचललं. गादीची आतली बाजू ओली लागली. एवढ्या थोड्या वेळात, त्या उकाड्यात, हरणीच्या पाठीचा घाम लोकरीत उतरला होता. एरवी घामेजलेली गादी तो आधी उन्हात टाकायचा, न टाकणाऱ्याला शिव्या घालायचा, कारण घामानं चामडं कुजतं. बाहेर तर नुसतं ऊन पसरलं होतं. त्यानं ओली बाजू आत घेऊन खोगीर चादरीत घट्ट गुंडाळलं, गाठ मारली, आणि छातीशी धरून चौकाकडे चालू लागला. उद्या मोडायचंच होतं ते. उद्यापर्यंत वाळलं नाही तरी चालणार होतं.