मऊ राहिलेले ब्लॉक

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, तू हॉस्पिटलात डॉक्टर होतीस का. नव्हते. मी प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं ते काम नाही, म्हणून लिहून पाठवते आहे.

रुग्णाच्या मूत्रपिंडात सुई घालून डॉक्टर मांसाचा एक बारीक धागा काढत. त्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे माझ्याकडे येत. तसा ओला, लिबलिबीत तुकडा कापता येत नाही. आधी तो फिक्सेटिव्ह नावाच्या औषधात टिकवायचा. मग अल्कोहोलमधून नेत नेत त्यातलं पाणी काढायचं, पाण्याच्या जागी रेझिन भरायचं आणि ते ओव्हनमध्ये तापत ठेवायचं. रेझिन म्हणजे दोन भागांचा डिंक असतो ना, तशीच जात. त्यात हार्डनर मिसळला की ते काचेसारखं घट्ट होतं. त्या पिवळसर ब्लॉकचे काचेच्या सुरीने इतके पातळ काप काढायचे की ते पाण्यावर तरंगताना नुसते रंगाने ओळखू यावेत. मग ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. या सगळ्या कामाचा एकच वैरी, पाणी. कुठेही थोडंसं राहिलं की रेझिन रुसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. तुमचे आजोबा त्याच वर्षी गेले होते आणि तुमची आई अमेरिकेत शिकत होती. बंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरात मी एकटी होते. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेले की आधी रेडिओ लावायचा, ही सवय तेव्हाची. कानडी मला दुकानापुरती येई. प्रयोगशाळेत सगळे आपसात कानडीत हसत, आणि मी आत आले की माझ्यासाठी इंग्रजीत बोलू लागत. त्यात हसणं मात्र थांबून जाई.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंगळुरात आयुधपूजा असते. रिक्षा, शिवणयंत्रं, कारखान्यांतली यंत्रं, सगळी धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू आणि शेवंतीच्या माळा. आमच्या प्रयोगशाळेतही होई. त्या वर्षी मी रजा घेतली. पूजेनंतर कुंकवाचं तबक सगळ्या बायकांपुढे फिरे. ते माझ्यापुढे येऊन क्षणभर थांबलं असतं आणि पुढे गेलं असतं. कुणी मुद्दाम केलं नसतं. पण मला ते पाहायचं नव्हतं.

दसरा झाल्यावर पहिलाच नमुना आला तो एका मुलीचा. चौदा-पंधरा वर्षांची, हासन जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावची. लघवीतून रक्त जात होतं. साध्या तपासणीत दोन आजारांमध्ये निवड होईना. एकाला स्टिरॉइडचे जबर डोस द्यावे लागतात. दुसऱ्यात त्यांचा उपयोग नसतो, अपाय तेवढा होतो. उत्तर मायक्रोस्कोपखालीच मिळणार होतं. मी नेहमीप्रमाणे ब्लॉक केले, ओव्हनमधून काढले आणि नखाने दाबून पाहिले. नख आत गेलं.

"अजून एक दिवस ठेवा," आमचे डॉक्टर म्हणाले.

ठेवले. ब्लॉक शिळ्या जेलीसारखेच राहिले. सुरीखाली धरले तर काप निघण्याऐवजी चुरगळायचे.

"दुसरा तुकडा मागवायचा?" मी विचारलं.

"कुठून मागवणार? पहिल्याच वेळी इतका रक्तस्राव झाला की तिला रक्त चढवावं लागलं. मी पुन्हा सुई घालू देणार नाही. तुमच्याकडे काही शिल्लक आहे?"

शिल्लक होता एक तुकडा. आणीबाणीसाठी एखादा फिक्सेटिव्हमध्ये राखून ठेवायचा, हा माझा शिरस्ता होता. पण तोही मऊ ब्लॉकमध्ये गेला असता तर सगळंच संपलं असतं. म्हणून आधी दोष शोधायचा, आणि तोवर त्या बाटलीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ओव्हनमध्ये दुसरा थर्मामीटर ठेवला, तापमान ठीक होतं. वीज जात होती, पण ती दसऱ्याआधीही जायची. अल्कोहोलची नवी बाटली फोडली, फरक नाही. मग तुकडा न घालता नुसत्या रेझिनचे ब्लॉक ओतले. तेही मऊच. म्हणजे दोष तुकड्यात नव्हता, अल्कोहोलमध्येही नव्हता, मिश्रणातच होता.

फ्रिजमधून हार्डनरची बाटली काढून मी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. बाटलीवर कुंकवाचं बोट लागलेलं होतं. ओव्हनवर होतं, काप काढायच्या यंत्रावर, मायक्रोटोमवर होतं, तसंच इथेही. मी ते रोज पाहत होते. पण ओव्हनवरचा टिळा गोल होता आणि बाटलीवरचा खालपर्यंत ओघळला होता. कुंकू लावताना बाटलीला घाम आलेला होता.

आमच्याकडे एक वयस्क सहायक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पूजा तेच मांडत. मी त्यांना विचारलं, "अण्णा, पूजेच्या दिवशी फ्रिज धुतलात?"

"धुतला की, अक्का. आतून लख्ख केला. बर्फ किती होता!"

"बाटल्या बाहेर काढल्या होत्या?"

"मग काय बाटल्यांसकट धुऊ? काढल्या, पुसल्या. हार्डनरचं झाकण चिकटून बसलं होतं, तेही उघडून साफ केलं. तुम्हीच कुरकुरत होता ना, उघडत नाही म्हणून?"

"गार असतानाच उघडलंत?"

त्यांनी मान डोलावली. गार बाटली उघडली की हवेतली ओल आत जाते, हार्डनर ती शोषतो आणि मग रेझिन घट्ट होत नाही. मी आवाज न चढवता हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पूजेमुळे बिघडलं?"

"पूजेमुळे नाही हो. गार बाटलीमुळे."

"सरी," म्हणजे बरं, एवढं ते म्हणाले आणि माळांचा वाळलेला कचरा उचलून निघून गेले.

बंगळुरात एक कॉफी दोघांत वाटून घेतात, तिला बाय-टू म्हणतात. अण्णा आणि मी रोज अकरा वाजता बाय-टू घेत असू. त्या दिवसापासून ते माझ्यासाठी अख्खा पेला आणून टेबलावर ठेवू लागले. "मेडम, कॉफी," एवढंच म्हणत. अक्का हा शब्द गेला. कॉफी दुप्पट आली तरी मला ती संपवता येईना.

दुसऱ्या एका संस्थेत ओळखीच्या बाईंकडे हार्डनरची न फोडलेली बाटली होती. ती पर्समध्ये घालून बसने आणली आणि खोलीतली ऊब तिला लागेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. आधी पुन्हा रिकामे ब्लॉक. ओव्हनमधून काढून टेबलावर टाकले तर टणकन वाजले. तेव्हा कुठे मी शेवटचा तुकडा बाहेर काढला.

तोही कडक झाला. कापताना काप एकामागून एक पाण्यावर उतरले, चंदेरी, सुरकुती नाही. मायक्रोस्कोपखाली मूत्रपिंडाच्या गाळणीचा पडदा दिसला. कुठे विरलेला, कुठे पदर सुटलेला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "स्टिरॉइड नकोत," ते म्हणाले. "तो दुसराच आजार आहे. आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल, पण निदान उगाच विष तरी पोटात जाणार नाही." आणि अहवाल सांगायला ते निघून गेले.

मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. अण्णा खिडकीशी काचा पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही. घरी सांगायला कुणी नव्हतं. मग मी कधी करत नसे ते केलं. पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून वॉर्डात गेले.

मुलगी पलंगावर बसून इडली खात होती. दोन वेण्या, हाताला सुईची निळी खूण. मला पाहताच तिच्या आईने तिचा हात ओढून पदराखाली घेतला आणि कानडीत भराभर बोलू लागली. मला एवढंच समजलं की पुन्हा रक्त नको, पुरे झालं.

"बेडा, बेडा," मी म्हटलं. नको, नको. तिच्या मुलीच्या गाळणीचा पडदा मी पाहिला होता, पण तो कसा दिसतो ते सांगायला माझ्याकडे त्यांचे शब्द नव्हते. शेवटी म्हणाले, "सूजी इल्ला." सुई नाही.

आईने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग कोटाच्या खिशांकडे. तिचा विश्वास बसला नव्हता. मुलीचा बसला असावा. तिने हात पदराखालून सोडवून घेतला आणि इडलीचा राहिलेला तुकडा चटणीत बुडवला.