सैल झाकणं

दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. आजींची बोटं माझ्यासारखीच, संधिवाताने वाकडी झालेली. त्यांनी पाणी मागितलं, तेव्हा आजोबांनी बाटलीचं झाकण फिरवून सैल केलं, पण काढलं नाही. बाटली तशीच हातात दिली. आजींनी झाकण स्वतः उघडलं आणि सावकाश पाणी प्यायल्या.

घरी येऊन चहा टाकला. साखरेच्या डब्याचं झाकण अलगद निघालं. चहापत्तीचंही. इतके दिवस मी समजत होते, की औषध लागू पडतंय.

"डबे तू सैल लावून ठेवतेस का गं?" मी सुनेला, मेघनाला विचारलं.

ती ओशाळली. "आई, तुम्ही कधी मदत मागत नाही. आणि झाकण निघालं नाही, की दिवसभर कुणाशी बोलत नाही."

खरंच होतं ते. दुखण्यापेक्षा 'आता हेही जमणार नाही' या धास्तीनेच मी जास्त थकत होते. आणि ते हिने काही न बोलता ओळखलं होतं.

दुखणं काही कमी झालेलं नाही. आज सकाळी केस विंचरायला हात वर जाईना. आरशासमोर थोडा वेळ नुसतीच बसले आणि मग हाक मारली, "मेघना, माझी वेणी घालतेस?"

हातातलं काम टाकून ती आली. माझ्यामागे बसून कंगवा फिरवता फिरवता ऑफिसातल्या गमती सांगू लागली. वेणी केव्हाच घालून झाली, तरी आम्ही दोघी उठलो नाही.