भादव्यातलं पाणी

मुळशीच्या धरणाकाठच्या एका शाळेत मी दोन वर्षं शिक्षक होतो. साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. दिवाळीनंतर रुजू झालो तेव्हा वय विशीच्या आतबाहेर होतं आणि शिक्षकाचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं. पुढे वर्तमानपत्रात गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

शाळा एका खोलीची, कौलारू. झाडलोट करायला आणि माठ भरायला गावातली एक म्हातारी विधवा यायची. काम झालं की उंबऱ्याशी बसून धडे ऐकायची. गणिताला ती पेंगायची. भूगोलाला जागी असायची, तीही एका उत्तरासाठी. मुळेचं पाणी कुठे जातं असं मी विचारलं की वर्ग एका सुरात सांगे: मुळा-मुठा भीमेला, भीमा पंढरपुरावरून कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. पंढरपूर आलं की बाई मान डोलवायची.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा माळकरी होता. त्याला पंढरपूर कधी घडलं नाही. मरताना त्याने सांगितलं, मला पाण्यावाटे पाठवा. तो भादव्यात गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडून तिने त्याच्या अस्थी धरणात, भिंतीजवळ सोडल्या. आपल्याही तिथेच सोडायच्या, हे तिने पुतण्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोघं एका पाण्याने जावीत, एवढंच तिचं मागणं होतं.

पौषात मी जलविभाजकाचा धडा घेतला. छप्परच दाखवलं. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात येतो, पलीकडे पडलेला परसात जातो. पडताना दोघांत बोटभरच अंतर असतं, तरी ते पुन्हा भेटत नाहीत. सह्याद्रीचा माथा हे आढं. पश्चिमेच्या उतारावरचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला मिळतं, पूर्वेच्या उतारावरचं शेकडो मैल चालून बंगालच्या उपसागराला. जेवढ्या उतारावरचं पाणी एका नदीत जमतं, तेवढं त्या नदीचं पाणलोट क्षेत्र.

इथपर्यंत पुस्तक होतं. पुढे मी स्वतःची भर घातली. आपलं गाव पूर्वेच्या उतारावर असलं तरी पुस्तकातलं उत्तर आपल्याला लागू नाही, असं सांगितलं. धरणाने मुळा अडवली आहे. तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला नेतात, मोठ्या नळांतून घाटाखाली सोडतात, त्यावर वीज करतात आणि मग ते कोकणातल्या कुंडलिका नदीत जातं. माणसाने आढ्याला भोक पाडलं आहे. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहिलं.

उंबऱ्यातून बाई म्हणाली, "गुरुजी, मंग आमचं धनी कुटं गेलं?"

थांबता आलं असतं. पण वर्ग कधी नव्हे तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. मी खडूने तिच्या नवऱ्याची वाट काढून दाखवली. बोगदा, नळ, वीजघराचं चक्र, नदी, खाडी. खाडी म्हणजे काय तेही सांगून टाकलं. नदीचं गोडं पाणी जिथे समुद्राच्या खाऱ्या पाण्याला भेटतं ती जागा. खारं पाणी जड, ते तळाने आत शिरतं. गोडं हलकं, ते वरून बाहेर जातं. दिवसातून दोनदा भरती येऊन सगळं मागे लोटते, दोनदा ओहोटी ओढून नेते. नदीतला बारीक गाळ मीठ लागलं की गुठळ्या धरतो आणि खाली बसतो. तेव्हा राख बहुधा समुद्रापर्यंतही पोचत नाही, खाडीच्या चिखलात राहते. 'बहुधा' हा शब्द मी वापरला होता, हे मला नक्की आठवतं.

चिखलात काय असतं, असं एका मुलीने विचारलं. खेकडे आणि कालवं, मी म्हणालो. वर्ग हसला. बाई उठली, माठावर झाकण ठेवलं आणि गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पाणवठ्यावर तिला ऐकवत, "काय गं म्हातारे, जल्मभर माळ घातली अन् म्हातारा गेला कोकणात म्हावरं खायाला." येताना सुकट आण म्हणावं, असं दुसरा जोडून द्यायचा. महिना-दीड महिना हे चाललं, मग लोकांना कंटाळा आला.

त्यानंतर एका दुपारी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. पुतण्याला चिठ्ठी लिहून हवी होती. म्हणाली, "मला धरनात टाकू नगं म्हनावं. खाली कोकणात, पानी जितं भायेर येतंया, तितं टाक."

मी विचारलं, मग भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात का नको? ती वाट तर पंढरपुराकडेच जाते.

"तितं कोन हाय माजं?" ती म्हणाली.

मी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहिली, वाचून दाखवली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि तिचा अंगठा घेतला.

ती वैशाखात गेली. पुतण्याने चिठ्ठीप्रमाणे केलं. घाट उतरून जायला एक दिवस, यायला एक. परत आल्यावर तो शाळेच्या दारात थांबला. "तुमच्या भूगोलापायी माजं दोन दिस गेलं, गुरुजी," म्हणाला, आणि निघून गेला.

त्या भादव्यात मी वर्ग धरणाची भिंत दाखवायला नेला. माझा तिथला तो पहिलाच पावसाळा. धरण तुडुंब भरलं होतं. सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन कोसळत होतं, पूर्वेला, मुळेच्या जुन्या पात्रात. धरण भरलं की जास्तीचं पाणी मूळ वाटेने जातं, हे मी धड्यात सांगितलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. काय, कुठे, कसं, सगळं सांगितलं होतं. केव्हा, ते राहिलं होतं. गावाने तो सांडवा दरवर्षी पाहिला होता, बाईनेही पाहिला असणार. टोमणे मारणाऱ्यांनीही. पण मी फळ्यावर लिहून दिलं होतं.

चिखलाबद्दल विचारणारी मुलगी भिंतीवरून वाकून बघत होती. हे पाणी कुठे जातं, तिने विचारलं. मुळेत, मी म्हणालो. पुढचं वर्गाने सवयीने सुरू केलं: मुळा-मुठा भीमेला, भीमा पंढरपुरावरून. तिथे सूर अडखळला.

"गुरुजी," ती मुलगी म्हणाली, "म्हातारा भादव्यातच गेलता."

मी मुलांना रांगेत उभं केलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वहीत मी सांगितलेल्या कुंडलिकेच्या उत्तरापुढे दोन शब्द लिहायला लावले: 'पावसाळा सोडून'. पुतण्याला मी काही सांगितलं नाही.