जहाजाचे चिमटे

ऑटो दारात उभा होता. नागपूरच्या दवाखान्यात जायचं होतं, पिशव्या आत ठेवून झाल्या होत्या, आणि कुसुम पुन्हा घरात शिरली. मला वाटलं, रिपोर्टची फाईल विसरली असेल. पण ती सरळ जेवणाच्या टेबलाकडे गेली. तिथं तिचं अर्धवट लाकडी जहाज होतं. आदल्या संध्याकाळी तिनं त्याला शेवटची पट्टी चिकटवली होती आणि ती सुटू नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे ओळीनं लावले होते. डिंक बोटानं चाचपून ती म्हणाली, "हे चिमटे काढू नका जी. मी आल्यावर काढीन." मी वैतागून म्हणालो, "बरं, चल आता." एवढंच आमचं या घरातलं शेवटचं बोलणं. दवाखान्यातून कुसुम परत आली नाही, त्याला आता काही आठवडे झाले.

माझी बायको चिमूरकडची. तिच्या माहेरी सगळे तलावावर जगणारे. मासे, शिंगाडे, जोडीला थोडं धान. मी जिवतीच्या डोंगरातला. आमच्याकडे पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढंच, त्याहून जास्त पाणी एका ठिकाणी दिसलं की मला आजही धडकी भरते. लग्नानंतर सासुरवाडीला गेलो की कुसुम गुडघाभर पाण्यात उभी राहून काकवांशी गप्पा मारायची आणि मी तिच्या चपला सांभाळत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा. "आमचे हे पान्याले भेतात," असं ती साऱ्या तलावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायची. चंद्रपूरला मी बँकेत, ती शाळेत मास्तरीण, तेव्हा समुद्राचा संबंध फक्त तिच्या भूगोलाच्या तासापुरता. निवृत्तीनंतर लेकीनं आम्हाला कोकणात नेलं. कुसुम बराच वेळ लाटांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मोठा हाये. पन याले पाळच नाई." दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर आलीच नाही, खोलीत बसून शेंगा सोलत राहिली.

आणि हीच बाई पुढं जहाजं बांधायला लागली! लेक रेवती परदेशात असते. आईला विरंगुळा म्हणून तिनं एका जुन्या शिडाच्या जहाजाचं किट पाठवलं. खोक्यात लाकडी बरगड्या, नखाएवढ्या कप्प्या, दोऱ्याची रिळं आणि कुठल्याशा भाषेतलं पुस्तक. मी म्हटलं, हे माळ्यावर जाणार. पण कुसुमनं पुस्तकातली चित्रं तेवढी पाहिली आणि कामाला लागली. पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, हळूहळू वाकवायच्या, बरगड्यांवर चिकटवायच्या. चिकटवलेलं दाबून धरायला घरातले सगळे चिमटे तिनं पळवले. माझे सदरे वाऱ्यानं उडून शेजारच्या पेरूवर जाऊन बसायचे. तक्रार केली की चार चिमटे परत मिळत, पण त्यांच्या तोंडाला डिंक वाळलेला असे आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर तपकिरी ठसे उमटत. चहाच्या टपरीवर मित्र विचारायचे, "हे काय लागलं रे?" मी सांगायचो, "घरी जहाजाचं काम सुरू आहे."

पहिलं जहाज पूर्ण झालं तेव्हा शिडं, दोऱ्या, सगळ्यासकट ते मांडीवर घेऊन ती बसनं माहेरी निघाली. तिच्या माहेरी नवा डोंगा, म्हणजे लहान होडी, ज्यानं बांधला त्याच्याच हातून तलावाच्या पाण्याला लावतात. "माहे बाबा म्हनत, पान्याले लागलं नाई तोवर ते लाकूडच," ती म्हणाली. किटचं जहाज कपाटावर ठेवायला असतं, तरंगायला नसतं, हे तिच्या गावीही नव्हतं आणि माझ्याही. सगळं गाव पाळीवर जमलं. तिनं जहाज पाण्यावर ठेवलं आणि ते तत्काळ कुशीवर झोपलं. तिचा धाकटा भाऊ दिवाकर ओरडला, "बाई, तुहं जहाज तं थकलं ना वं!" सगळे हसले, कुसुम सगळ्यात जास्त. पट्ट्या फुगल्या, डिंक सुटला. त्यानंतर तिनं नियमच केला. डोलकाठ्या चढवायच्या आधी नुसता तळ माहेरच्या तलावाच्या पाण्याला लावायचा, पदरानं लगेच पुसायचा, मग पुढचं काम. पुढची सगळी जहाजं अशीच झाली. ती आज कपाटावर डौलात उभी आहेत.

हे शेवटचं मात्र अडलं. उन्हाळ्यात तलावाचा चिखल झाला होता आणि कुसुमचं दुखणं वाढत होतं. मी म्हटलं, नळाचं पाणी लाव ना, जहाजाला काय कळतंय? ती हसली. "त्याले नाई कळत, मले कळते ना." तलाव भरायची वाट पाहायची, असं ठरलं...

ती गेल्यावर भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीकुणी टेबलाकडे पाहून सुचवायचं, एखादा सुतार बघा, पूर्ण करून घ्या. मी एक-दोघांवर डाफरलो. खरं सांगायचं तर मला ते जहाज पूर्ण व्हायला नको होतं. चिमटे लागलेले होते तोवर तिचं यायचं बाकी होतं. मग दिवाकरचा फोन आला. "भाऊजी, तलाव भरला जी. बाईचं जहाज आना."

चिमटे लावलेलं जहाज पाण्याला कसं लावणार? त्या दुपारी मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि एकेक चिमटा काढला. पट्टी जागची हलली नाही, पक्की बसली होती. मी मात्र लहान मुलासारखा रडलो.

तलावावर दिवाकर म्हणाला, "तुमी पाळीवरच थांबा, मी लावतो." मी नाही म्हटलं. चपला काढल्या, त्या धरायला कुणी नव्हतं, तशाच ठेवल्या. पायाखाली गाळ सरकत होता, दिवाकरनं दंड घट्ट धरला होता. "काऊन थरथरून राह्यले जी? म्या धरलं हाये," तो म्हणाला. गुडघाभर पाण्यात गेलो, वाकलो आणि तळ पाण्याला लावला. पुसायला पदर नव्हता, सदऱ्याचं टोक पुढं केलं.

जहाज आता पुन्हा टेबलावर आहे. डोलकाठ्यांची पुडी शेजारी आहे, ती मी उघडणार नाही, मला ते येत नाही. चिमटे दोरीवर परत गेले. काल टपरीवर एका नवख्या माणसानं माझ्या खांद्याकडे बोट दाखवून विचारलं, हे डाग कसले? जुन्या मित्रांपैकी एकानं चहाकडे पाहिलं. मी सांगितलं, "घरी जहाजाचं काम सुरू आहे."