टाइपवाल्या भावजींची शिरगणती

तंजावरातली माणसं कमी करण्याचं काम आमच्या टाइपवाल्या भावजींनी एकट्याने जेवढं केलं, तेवढं पटकी आणि देवी या दोघींना मिळूनही जमलं नसेल. साथ येते, चार घरांना चटका लावते आणि निघून जाते. भावजी कुठेच गेले नाहीत. मेल वीथीमागच्या आमच्या गल्लीत, अगदी आमच्या समोर, त्यांचा टाइपरायटिंगचा क्लास होता. पाच मशिनं, पाच स्टुलं, आणि पहाटेपासून असा कडकडाट की माझ्या अंगणात मी कांडप करते आहे की नाही हे मला हाताकडे बघून ठरवावं लागे. त्या क्लासात जे पोर शिरलं ते वर्षा-दीड वर्षाने बाहेर पडलं ते थेट स्टेशनवर. कोणी मुंबईला, कोणी दिल्लीला, कोणी भिलाईच्या नव्या कारखान्यात. आमचेच दोन मुलगे असे गेले. आणि एवढं सगळं करून, गल्ली ओस पडली म्हणून तिण्णैवर बसून सगळ्यांत मोठ्याने उसासे कोण टाकायचं, तर हेच. तिण्णै म्हणजे आमच्याकडे घरापुढचा ओटा. त्या ओट्यावर त्यांनी जितके उसासे टाकले तितक्यांवर एखादी गिरणी चालली असती.

नात्याने ते आमच्या ह्यांचे आत्येभाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे सगळी गल्ली आपल्याच घरातली आहे असं ते धरून चालत, आणि तसंच वागत. माणूस ओळखायची त्यांची एकच रीत, मिनिटाला शब्द किती. तीस शब्द म्हणजे लोअरची परीक्षा, पंचेचाळीस म्हणजे हायर. "तो तिसाचा, त्याचं काही खरं नाही. ती पंचेचाळिसाची, तिला तिकीट काढायला सांग." एकदा पापनाशमहून एक स्थळ बघायला आलं होतं शेजारच्या मुलीला. मुलाची मंडळी पाटावर बसली, पानं मांडली, आणि भावजींनी नवऱ्यामुलाला विचारलं, "आपण कितीचे?" त्या बिचाऱ्याला वाटलं वय विचारताहेत. तो म्हणाला, "सव्वीस." भावजींनी मुलीच्या बापाकडे वळून सगळ्यांदेखत सांगितलं, "लोअरसुद्धा नाही. जाऊ द्या." लग्न झालं शेवटी, पण त्या जावयाने पुढे आयुष्यात भावजींच्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

शिकवायचेही अजब. हातात एक लाकडी पट्टी, आणि ती मांडीवर आपटत आदितालाचा ठेका. पाच मुलं त्या तालावर बोटं चालवणार, ओळ संपली की पाच घंट्या एकदम वाजल्या पाहिजेत. एखादी मागे राहिली की भावजी डोळे न उघडता म्हणत, "तिसरं मशीन, तुला कोणी पळवून नेलं होतं का?" सक्तीने ताल शिकलेली ती पोरं पुढे दिल्लीच्या कचेऱ्यांत बसली, तेव्हा त्यांचे साहेब म्हणे विचारायचे, हा मद्राशी काम करताना मान का हलवतो.

दर पोंगलला मात्र भावजींचं डोकं फिरायचं. अंघोळ करून, नवी वेष्टी नेसून ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं मोजत जायचे आणि शेवटी माझ्याकडे कॉफी प्यायला बसायचे. मग सुरू.

"वहिनी, लोक म्हणतात पाळणे हलले की राज्य वाढतं. चूक आहे."

"बरं."

"राज्य कामाने वाढतं. जिथे काम तिथे माणूस, माणूस तिथे पाळणा. तुमचा राघू भिलाईला गेला. आता त्याला दोन पोरं. ती कोण मोजणार? मध्य प्रदेशवाले. राघूला भात कोणी घातला? तुम्ही. टायपिंग कोणी शिकवलं? मी. आणि आकडा वाढला त्यांचा."

"मग शिकवू नका. कुलूप लावा क्लासाला."

"असं कसं. इथे राहून पोरांनी करायचं काय? इथे भात आहे, देऊळ आहे, आणि पेन्शनवाले म्हातारे आहेत. यांतलं काय टाइप करणार?"

अशा माणसाशी कोण वाद घालणार. मी कॉफीचा डवरा-टंबलर, वाटी-पेला, उचलून आत जायची.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मग आमच्या रुक्मिणीची पाळी आली, आणि तेव्हापासून माझ्या कपाळाची शीर जी उडायला लागली ती दोन वर्षं थांबली नाही.

रुक्मिणी आमचं शेंडेफळ. ह्यांची नजर शाळेत शिकवतानाच अधू होत गेली, आणि एकोणसाठ साली तर फळ्यावरचं दिसेना म्हणून घरी बसले. रोज दुपारी रुक्मिणी त्यांना पेपर वाचून दाखवायची. बाकी वेळ भावजींच्या तिसऱ्या मशिनवर. पोरीच्या मनात एकच होतं, हायर पास व्हायचं आणि नोकरी धरायची. माझ्याही मनात तेच. मी स्वतः शाळेत गेले नाही, बाळबोध अक्षरंसुद्धा मुलांच्या पाटीवरून शिकले. माझी पोर आई-बापांची अंथरुणं-पांघरुणं घालत या गल्लीत संपू नये एवढंच मला हवं होतं. आणि परीक्षेचा फॉर्म जातो क्लासाच्या सहीने. ती सही भावजींची.

पहिल्या खेपेला ते म्हणाले, तयारी कच्ची आहे. मी मान्य केलं. सहा महिन्यांनी म्हणाले, चुका आहेत. मी रुक्मिणीने टाइप केलेला कागद ह्यांच्या जुन्या मित्राकडे, इंग्रजीच्या मास्तरांकडे नेला. त्यांनी भिंग लावून पाहिला आणि म्हणाले, "वेणूबाई, असा कागद मला शाळेच्या हेडमास्तरांकडूनही कधी मिळाला नाही." तो कागद घेऊन मी तशीच समोरच्या ओट्यावर चढले.

"भावजी, यात चुका किती?"

"आहेत."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"गल्लीतल्या मांजरांसकट सगळं मोजता, आणि चुका मोजल्या नाहीत?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "वहिनी, हिच्यानंतर या गल्लीत तरुण कोण उरलं सांगा. ही गेली की दादाला पेपर कोण वाचून दाखवणार? विचार केलाय?"

केला होता. रोज करत होते. म्हणूनच जास्त राग आला. माझ्या मनातली भीती त्यांनी माझ्याच तोंडावर आणून आदळली, आणि पोरीचा फॉर्म पुन्हा अडकला. दीड वर्ष झालं. रुक्मिणी नुसती क्लासात जायची, तेच तेच पत्र टाइप करायची, परत यायची.

मग एकसष्टची शिरगणती आली. मोजणीला शाळामास्तर कमी पडले, म्हणून आमच्या भागासाठी नगरपालिकेने भावजींना बोलावलं. अक्षर मोत्यासारखं, गल्ली तोंडपाठ, आणखी काय पाहिजे. त्या दिवसांत त्यांचा तोरा बघण्यासारखा होता. क्लास बंद, काखेत माणसागणिक एकेक अशा चिठ्ठ्यांची पिशवी, आणि शेजारणींशी बोलतानासुद्धा सरकारी आवाज. काम आठवड्याच्या आत उरकलं. मग एके सकाळी वरचे तपासनीस आले, चष्मा लावलेले, सावकाश बोलणारे. भावजी त्यांच्यामागे हात बांधून उभे. तपासनीस आमच्या तिण्णैवर बसले.

"अम्मा, घरात माणसं किती?"

"पाच," मी म्हटलं.

"आत्ता तिघंच दिसतात."

"दोघं बाहेर आहेत."

"बाजारात?"

मी भावजींकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. "एक भिलाईला," मी म्हटलं, "एक मुंबईला."

"येणार कधी?"

"दिवाळीला. रजा मिळाली तर."

तपासनिसांनी पेनचं टोपण लावलं. तेव्हा सगळा घोटाळा उघडा पडला. भावजींनी गल्लीतून गेलेलं एकूण एक पोर इथलं म्हणून लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर एकट्या भावजींना कशाला दोष द्यावा. घरोघरच्या आयांनीही तेच सांगितलं होतं. ते विचारत, मुलगा आहे ना घरी? आणि कोणती आई नाही म्हणेल? मीच होय म्हटलं होतं, आणि वर राघूच्या दोन्ही पोरांची नावंही सांगून ठेवली होती. ती तेवढी त्यांनी घेतली नव्हती. म्हणाले होते, "वहिनी, खोटं एवढंही नको."

"सार्," भावजी त्या तपासनिसांना म्हणाले, "ही मुलं नोकरीला गेली आहेत. राहायला नाही."

"सार्, तिकडेही कोणीतरी त्यांना मोजतोय. एक माणूस दोनदा कसा चालेल?" तपासनीस म्हणाले.

"मग तिकडचा खोडा," भावजी म्हणाले.

तपासनीस भला माणूस. हसला नाही, रागावलाही नाही. दोन दिवसांत सगळं नव्याने लिहून द्या म्हणाला आणि गेला.

ते दोन दिवस मला आठवतात. भावजी पुन्हा घरोघर गेले, या वेळी खोडायला. एकेका घरात एकेक नाव मोठ्याने वाचायचं, आईने मान हलवायची, मग ती चिठ्ठी फाडायची. प्रत्येकीने कॉफी पुढे केली आणि प्रत्येकीकडे ती त्यांनी प्यायली. आमच्याकडे आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. राघूचा कागद फाडला, धाकट्याचा फाडला. ह्यांचं लिहिलं, माझं लिहिलं. राहिली रुक्मिणी. तिचीही चिठ्ठी नवी करायची होती. ती दाराशी उभी होती.

"काम," भावजींनी वाचलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "घरकाम लिहितो."

"घरकाम आई करते, काका."

"मग शिकते आहे असं लिहू?"

"शिकून झालं. तुम्हीच शिकवलंत. दीड वर्ष होऊन गेलं."

भावजींनी चिठ्ठी उलटी करून पाहिली.

"काम नाही, असं लिहा," रुक्मिणी म्हणाली. "काम शोधते आहे, असं लिहा. तसं लिहायला जागा आहे त्यात. मी वाचलंय."

आवाज चढवला नाही पोरीने. मला वाटलं आता भावजी उठून जातील. पण खोटं लिहिल्याबद्दल ते एकदा शरमले होते, दुसऱ्यांदा लिहायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी लिहिलं. त्या मोत्यासारख्या अक्षरात, सावकाश, एकेक अक्षर. शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत बसले. मग उठले. आमच्याकडची कॉफी तेवढी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते फॉर्म घेऊनच. पूर्ण भरलेला, स्वतः टाइप केलेला, खाली सही. म्हणाले, "मुदतीला अजून चार दिवस आहेत, पण पोस्टाचा भरवसा नाही. मी स्वतः देऊन येतो." आणि जाता जाता, "समास तेवढा सांभाळायला सांगा तिला. डावीकडे कमी सोडते."

रुक्मिणी पहिल्या वर्गात पास झाली. भावजी दोन दिवस फुरंगटून बसले, समासात गुण गेले असणार म्हणून. वर्षाच्या आत मुंबईला धाकट्याकडे गेली, नोकरी लागली. स्टेशनवर भावजींनी तिला गाडी सुटेपर्यंत सूचना दिल्या, आणि गाडी सुटल्यावरही फलाटावरून चालत चालत देतच होते.

आणि पेपर? दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ते आमच्या तिण्णैवर हजर. ह्यांना रोज पेपर वाचून दाखवायचा म्हणून. पण सवय कुठे जाणार. वाचायचे ते डिक्टेशनच्या चालीवर, मिनिटाला चाळीस शब्द, मधले स्वल्पविराम आणि पूर्णविराम मोठ्याने उच्चारत, आणि नवा परिच्छेद आला की मांडीवर थाप. हे मला म्हणायचे, "अगं, चीनशी लढाई झाली ते मला कळलंच नाही. मधे फार स्वल्पविराम होते." तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही. ह्यांचे डोळे पुरते गेले, तरी नाही.

सहासष्ट साली रुक्मिणी बाळंतपणाला आली. तोवर तिचं मुंबईतच लग्न झालं होतं. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण अजून सावरली नाहीत, मी गरम पाणी घेऊन बाहेर येते आहे, तर भावजी नगरपालिकेच्या वाटेला लागलेले. जन्माची नोंद करायला, हा आकडा तरी तंजावरचा व्हावा म्हणून. बारशाला अजून दिवस होते, नाव ठरलं नव्हतं, तरी भावजी नोंद करून, शिक्का मारून घेऊन आले. मी फार बोलले त्यांना. जावई काय म्हणतील, तिकडची मंडळी काय म्हणतील. ते ऐकतच नव्हते. तीन महिने रोज सकाळी क्लास सुरू करण्याआधी त्या पाळण्यापाशी येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. उचलून घ्या म्हटलं तर म्हणायचे, "नको, माझ्या हाताला रिबनची शाई असते."

मग रुक्मिणीची रजा संपली. जावई न्यायला आले. स्टेशनवर या वेळी भावजींनी एकही सूचना दिली नाही. गाडी गेली, आम्ही दोघं चालत निघालो. ओळखीचं एकही घर न बोलता ओलांडायचं नाही अशी त्यांची रीत, पण त्या दिवशी राजवाड्यापर्यंत ते एकाही दाराशी थांबले नाहीत. मी बाजूला पाहिलंही नाही, मला माझंच आवरत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "वहिनी, उद्या ओरत्तनाडूहून तीन मुली येताहेत नव्याने. पहिल्या बसने. हुशार आहेत म्हणतात. वर्षभरात हायरला बसतील."

एरवी मी काय काय बोलले असते. त्या मुलींच्या आया डोळ्यांपुढे आल्या, आज ना उद्या त्याही अशाच फलाटावरून चालत येणार होत्या.

"शिकवा, भावजी," मी म्हटलं. "नीट शिकवा. फॉर्म अडवू नका."