पत्र्यातली खिडकी

मुलीच्या क्लासेससाठी लातूरला भाड्याने घेतलेल्या खोलीत काल नवी ट्यूबलाइट बसवली. जुन्या भिंतीत ड्रिल फिरलं आणि धुळीचा कोरडा वास उठला. भूकंपानंतर आमच्या गावावर कितीतरी दिवस हाच वास होता.

आमच्या दगडमातीच्या घरातलं स्वयंपाकघर दिवसाही काळोखं असायचं. आई खिडकी मागायची. "भिंत कच्ची होईल," म्हणून अण्णा टाळायचे. भूकंपात तीच भिंत माझ्या धाकट्या बहिणीवर, सुमनवर कोसळली.

पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. एका सकाळी अण्णा पत्रा कापायची कात्री घेऊन चुलीपाशी आले. खाली बघतच म्हणाले, "इथं खिडकी काढून देतो. लई दिवस मागत होतीस."

आईचे हात पिठात तसेच थांबले.

"नका काढू," ती म्हणाली. "आता उजेडात काय बघू मी?"

अण्णा कात्री घेऊन बाहेर गेले.

तेव्हा वाटलं, आई त्यांच्यावर रागावली आहे. आता मीही एका मुलीचा बाप आहे. वाटतं, त्या शेडमध्ये आईला रडायला तेवढाच एक अंधारा कोपरा होता.